नंबर सहा

उज्जैन, ५ ऑक्टोबर २०२४

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. डब्यांची झाकणं उघडायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच. वास नंतर घे!

फोन का नाही केला म्हणशील. अगं, कानात मशीन लावूनसुद्धा फोनवर मला तुझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने जोडते. मागच्या वेळी तू म्हणालीस आमच्या जावयाला, श्रेयसला, बढती मिळाली, आणि मला ऐकू आलं श्रेयसला भरती केलं. मी इकडे कोणत्या हॉस्पिटलमध्ये, कोणता डॉक्टर, असं विचारत बसले! तेव्हा आता पत्रच. पार्सल तर पाठवायचंच होतं, त्यातच घातलं.

तर ऐक. बँकेतून रिटायर झाल्यापासून जो तो विचारतो, "प्रतिभाताई, दिवसभर करता काय?" आता माझ्याकडे उत्तर आहे. मी स्क्रब बनवते!

झालं असं, की इंदूरला एका लग्नाला गेलो होतो. हॉटेलच्या बाथरूममध्ये एवढीशी बाटली, वर इंग्रजीत 'बॉडी स्क्रब'. बोटावर घेतलं, चोळलं, आणि काय सांगू, जरा चाटूनही पाहिलं. साखर! नुसती साखर, तेल आणि वास! मी बाथरूममधूनच तुझ्या विनायककाकांना हाक मारली, "अहो, हे तर मी उद्या सकाळी करू शकते!" त्यांना वाटलं मी पडले. धावत आले बिचारे.

दुसऱ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर स्वयंपाकाचं राहिलंच नाही. फ्रीगंजातल्या चक्कीवाल्याकडे मसूर घेऊन गेले आणि जाडसर दळ म्हटलं. तो म्हणाला, "दीदी, इसकी तो रोटी भी नहीं बनेगी." मी म्हटलं, "खानी नहीं है भैया, रगड़नी है." तेव्हापासून तो मला बघितलं की जाळीमागे हसतो.

काकांच्या डाव्या हाताला रोज लावते, उजव्या हाताला नाही. मग त्यांना सकाळी बागेत पाठवते. तिथे ते सगळ्या मित्रांना दोन्ही हात पुढे करून विचारतात, कोणता मऊ? सगळे डावा म्हणतात! एक जण मात्र उजवा म्हणाला, पण त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय.

तुला तीन डब्या पाठवल्या आहेत. नंबर एक साखर आणि खोबरेल. नंबर दोन मसूर, संत्र्याची वाळवलेली साल आणि चंदनाचं अत्तर. नंबर तीन कॉफी. तू नाशिकच्या एवढ्या मोठ्या कंपनीत क्रीमं तपासतेस, मग मावशीचं तपासायला काय घेशील? खरंखरं लिही. माझी समजूत काढू नकोस.

तुझी,
प्रतिभामावशी


नाशिक, १४ ऑक्टोबर

ती. मावशी,

सा. न. डब्या मिळाल्या आणि मी सगळं बाजूला ठेवून तुझ्या डब्यांनाच लागले. तू खरंखरं लिही म्हणालीस, तर घे.

नंबर एक सुरेख. अंग इतकं मऊ झालं की मीच माझा हात गालाला लावून बघत होते. पण तेल फरशीवर सांडलं आणि संध्याकाळी श्रेयस बाथरूमच्या दारातच नाचला. पडला नाही, पण तुझ्या नावाने ओरडला. 'पाय जपा' असं डबीवर लिहिलंच पाहिजे.

नंबर दोन छान, पण ते अत्तर! सकाळी अकराला लावलं आणि दुपारपर्यंत डोकं गरगरत होतं. उलटी होते की काय असं वाटलं. शेवटी जरा आडवी झाले. अत्तर अर्ध्याहून कमी कर. नंबर तीनने टॉवेलची वाट लागली, पण टाचांना उत्तम.

आता मावशी, नियम. हसू नकोस, मी पोटापाण्यासाठी हेच केलं आहे. कुणालाही द्यायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं. चेहऱ्याला नाही म्हणजे नाही. ओला चमचा डबीत घालायचा नाही. पाणी, गुलाबजल काही मिसळायचं नाही, बुरशी येते. लिंबू पिळायचं नाही. आणि इंटरनेटवर बघून अक्रोडाचं कवच वाटून घालायचं डोक्यात आलं असेल, तर ते डोक्यातच ठेव. त्याच्या कडा धारदार असतात, त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात.

बाकी बरं. कामाचं सध्या जरा असंच आहे. आईशी बोलणं झालं तर माझ्याबद्दल खोदून विचारू नकोस. वेळ आली की मीच तिला सांगेन.

अजून पाठव. खरंच पाठव. दारावर कुरिअरवाला आला की हल्ली मी धावत जाते.

तुझी,
मुक्ता


उज्जैन, २४ ऑक्टोबर

अगं लबाडे!

चंदनाचा वास नको झाला. उलटीसारखं वाटलं. दुपारी आडवी झालीस. भर सकाळी अकराला घरी. आणि वर आईला सांगू नकोस, वेळ आली की मीच सांगेन! मावशीला काय दूधखुळी समजलीस? पत्र वाचलं आणि मी काकांना मिठीच मारली. त्यांच्या हातावर तेव्हा नंबर पाच लावलेला होता, माझी साडी गेली कामातून. जाऊ दे गेली तर!

धुळ्याला ताईला मी एक अक्षर बोललेले नाही. परवा तिचा फोन आला तर मी सारखी हवापाण्याचंच बोलत राहिले, तिला संशय आला असेल. या पार्सलमध्ये डिंकाचे लाडू आहेत. रोज सकाळी दुधाबरोबर एक खायचा. श्रेयसने खायचे नाहीत.

आणि आता तू काही अंगाला लावायचं नाहीस. तपासणी बंद. इथे माझ्याकडे आता फौज आहे!

दिवाळी आठवड्यावर आली आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माझंच उटणं हवंय. मी टावर चौकातून लेबलं छापून आणली. गुलाबी कागदावर 'प्रतिभा उटणे', आणि खाली 'अंग उजळवी, रूप खुलवी'. काकांनी सुचवलं, कसं वाटतं? झाकणांवर बांधायला भैरवगढहून छापाच्या कापडाचे तुकडे आणले, लाल-काळी बुट्टी. काय दिसतात डब्या! ओळीने मांडल्या तर उचलाव्याशाच वाटतात. बायका विचारतात, "लावल्यावर उजळ दिसतं का हो?" मी म्हणते, "दिसतं म्हणजे काय, दिसणारच!"

वरच्या मजल्यावरची जयू तुला आठवते ना, शाळेत शिकवणारी? तिच्या पूजाचं लग्न ठरलं, १० डिसेंबरला. मुलगा सुमीत, इथलाच, रेल्वेत आहे. पूजा स्वतः खाली येऊन नंबर सहाची डबी घेऊन गेली. नंबर सहा माझा हुकमाचा एक्का आहे. त्यात काय आहे ते सांगणार नाही. एक डबी पाठवते, लावू नकोस, वासही घेऊ नकोस, नुसती बघून ओळख!

आनंदात राहा. जड उचलू नकोस.

तुझी,
मावशी


नाशिक, ४ नोव्हेंबर

मावशी,

लाडू फार छान झालेत. पण मला दिवस गेलेले नाहीत.

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की श्रेयस आतून धावत आला, आणि त्याला वाचून दाखवता दाखवता रडायला लागले. तू एवढी आनंदून गेली होतीस, आणि मी तुला त्या आनंदातून खाली उतरवते आहे. पण आता खरं सांगते. माझी नोकरी गेली, मावशी. गणपतीच्या आधीच. कंपनीने इथली प्रयोगशाळा बंद करून गुजरातला नेली आणि आम्हा सगळ्यांना पत्रं दिली. म्हणून मी सकाळी अकराला घरी असते. म्हणून दुपारी आडवी होते. दुसरं करायलाच काही नसतं. अत्तर मात्र खरंच जास्त होतं.

आईला सांगितलं नाही, कारण आई भाजीवाल्यालाही सांगते, माझी मुक्ता मोठ्या लॅबमध्ये आहे. मी काय म्हणू तिला?

तुझ्या त्या पहिल्या तीन डब्या आल्या त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी सकाळी लवकर आंघोळ केली, केस विंचरले आणि टेबल स्वच्छ पुसून बसले. तुझा नंबर दोन तपासायला! तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या वाट्यांची रांग आहे. एकीत मुद्दाम पाणी घातलं, एकीत गुलाबजल, एक तशीच कोरडी. गुलाबजलाच्या वाटीवर हिरवी लव आली, आणि ती बघून मला जो आनंद झाला, तो बघून श्रेयस म्हणाला, "बुरशी आली म्हणून नाचणारी बायको माझीच."

आता कामाचं. नंबर सहा मी बोटात धरून चोळला. मग पाण्यात ढवळला. साखर विरघळली, पीठ वर आलं आणि तळाशी तपकिरी कण राहिले. भिंगाखाली धरले. मावशी, ते अक्रोडाचं कवच आहे. आणि वास लिंबाचा आहे.

मी नको म्हटलं होतं. कृपा करून नंबर सहा आता कुणालाही देऊ नकोस. दिलेल्या असतील त्या परत घे. आणि लेबलवरचं ते 'उजळवी' काढून टाक. स्क्रबने मळ निघतो, कातडी मऊ होते. रंग बदलत नाही. 'दिसणारच' असं म्हणत जाऊ नकोस.

रागावू नकोस. मला लगेच लिही.

मुक्ता


नाशिक, १८ नोव्हेंबर

मावशी,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर काकांनी उचलला आणि "ती जरा बाहेर गेली आहे" म्हणून ठेवला. रोज बाहेर? रागावली असशील तर रागाने लिही, पण लिही.

मुक्ता


उज्जैन, २४ नोव्हेंबर

चि. मुक्ता,

रागावले नव्हते गं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पत्रातसुद्धा.

तुझं पत्र माझ्या हातात पडलं, त्याच्या आदल्याच दिवशी जयू खाली आली होती. दारातूनच म्हणाली, "प्रतिभा, वर चल." आवाजावरून कळलं. वर गेले तर पूजा पलंगावर बसलेली, दोन्ही हात उशीवर ठेवलेले. कोपरापासून दंडापर्यंत लालबुंद. मानेवर, गालावरही चट्टे. कपड्याचा स्पर्शही तिला सोसत नव्हता. लग्न महिन्यावर आलेलं.

जयू म्हणाली, "काय घातलं होतंस त्यात?" मी खरं सांगितलं. अक्रोडाचं कवच आणि लिंबाचा रस. ती म्हणाली, "तुझ्या मुक्ताने नको म्हटलं होतं ना? तूच हसत हसत सांगितलं होतंस मला, पोरगी फार घाबरट आहे म्हणून." म्हटलंच होतं मी तसं.

मी म्हटलं, डॉक्टरकडे चल, आत्ता. फ्रीगंजमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघी गेलो. बाईंनी हात बघितले आणि पूजाला विचारलं, "कितनी बार रगड़ा?" पूजा म्हणाली, "रोज. दिवसातून दोनदा." बाई चकित. "क्यों बेटा?"

मुक्ता, तेव्हा ती पोर जे बोलली ते मला अजून ऐकू येतं, मशीन नसताना सुद्धा. म्हणाली, साखरपुड्यात सुमीतची आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, मुलगी गोड आहे, पण कोपरं किती काळी! लग्नापर्यंत काहीतरी करा. "आणि काकूंच्या डबीवर लिहिलं होतं, अंग उजळवी. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, दिसणारच. मग मी घासतच राहिले."

जयूने तोंडाला पदर लावला. तिलाही हे माहीत नव्हतं.

बाईंनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. डाग राहायचे नाहीत, पण वेळ लागेल, आणि हळदसुद्धा अंगाला लावायची नाही म्हणाल्या. घरी आले आणि त्याच पावली बिल्डिंगमध्ये फिरले. दार वाजवायचं, म्हणायचं, नंबर सहा परत द्या, त्यात माझी चूक झाली आहे. कुणी पटकन दिली, कुणी म्हणालं आम्हाला तर काही झालं नाही, राहू द्या की. मी म्हटलं, नाही, द्याच. रोज तेच करत होते. म्हणून काका म्हणायचे बाहेर गेली आहे. खोटं नव्हतं बोलत.

सगळं ओतून टाकलं. लेबलं फाडली. मिक्सर घासून पुसून ठेवला, आता त्यात फक्त चटणी होते. मी बंद केलं मुक्ता. हौस होती, फिटली.

तुझ्या नोकरीचं वाचून फार वाईट वाटलं. तू एकटी घरात बसून होतीस आणि मी लाडू पाठवत होते.

तुझी,
मावशी


नाशिक, २९ नोव्हेंबर

मावशी,

बंद बिंद काही नाही! मी येतेय. इंदूरच्या बसचं तिकीट काढलं, रविवारी तुझ्याकडे पोचते.

ऐक आधी. मी ज्या कंपनीत होते तिथे माल बाजारातून परत बोलवायचा म्हणजे बैठकांवर बैठका व्हायच्या, कुणाची चूक ते ठरायचंच नाही, आणि तोवर माल खपून जायचा. तू दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलंस आणि परत आणलंस. जी बाई हे करू शकते तिने हे काम सोडायचं नाही. तिने ते नीट शिकायचं. मी शिकवते.

आणि मी आईला सांगितलं! धुळ्याला फोन करून एका दमात सगळं बोलून टाकलं. आई म्हणाली, "तीन महिने तू मला खोटं खोटं ऑफिसचं सांगत होतीस? काय काय रचलंस गं? त्या तुझ्या साहेबाच्या भांडणाचं पण खोटं?" तिला सगळ्यात जास्त वाईट त्या भांडणाचं वाटलं. रोज विचारायची ना, पुढे काय झालं म्हणून! मग आम्ही दोघी इतक्या हसलो.

मिक्सर धुऊन ठेवला आहेस ना? चटणी करू नकोस त्यात, मिरचीचा अंश राहतो. पूजाला भेटायचंच आहे मला. तिला काही लावायला आणत नाही, नुसती भेटते.

आलेच!
मुक्ता


उज्जैन, १२ डिसेंबर

चि. मुक्ता,

तू बसमध्ये बसलीस आणि घर एकदम रिकामं झालं. काका म्हणाले, चार दिवस कुणीतरी माझ्या दोन्ही हातांना सारखं वागवलं, आता परत डावाच.

मुलाखतीसाठी तुला लवकर जावं लागलं आणि तू नेमकं लग्न चुकवलंस! पूजा तुझी आठवण काढत होती. तू त्या दिवशी तिच्या शेजारी बसून तिला भिंगातून तिचाच हात दाखवलास ना, "बघ, नवी कातडी येतेय, किती शहाणी असते ती," ते तिने सुमीतला फोन करून सांगितलं म्हणे.

आता हळदीचं ऐक, मी हे तुला सांगायला नुसती तडफडतेय!

मुलाकडची उष्टी हळद घेऊन सुमीतची आई स्वतः आली. सगळ्या बायका जमलेल्या, गाणी चाललेली. पूजाने बिनबाह्यांचं पिवळं ब्लाउज घातलेलं. जयूने लांब बाह्यांचं शिवून ठेवलं होतं, तर पोरीने घातलंच नाही. दंडावर अजून गुलाबी चट्टे होते. सुमीतच्या आईने हळदीचा हात पुढे केला आणि थांबली.

"अगं बाई! हे काय झालं?"

मी पुढे झाले, म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी उटण्यात नको ते घातलं होतं."

पूजाने माझा हात धरला आणि मला बाजूला केलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, उटणं तुमचं होतं. पण घासलं मी." मग सुमीतच्या आईकडे वळून म्हणाली, "आई, साखरपुड्याला तुम्ही माझ्या कोपरांबद्दल बोललात ना, म्हणून घासलं. कातडं निघेपर्यंत घासलं. आता मी नाही घासणार. कोपरं अशीच आहेत."

गाणी थांबली. मुक्ता, मला वाटलं आता हे लग्न मोडतंय. सुमीतच्या आई खाली बसल्या, पूजाच्या पायाच्या अंगठ्यांना हळदीचं बोट लावलं, फक्त तेवढंच, आणि उठून गेल्या. जेवायलाही थांबल्या नाहीत.

लग्न झालं. छान झालं. सुमीत सारखा हसत होता. पण त्याची आई दोन्ही दिवस पूजाशी शब्दही बोलली नाही. पोर सासरी गेली आणि आता मला घास गिळवत नाही. तिने बोलायला नको होतं का? का मीच आधी जोरात बोलायला हवं होतं?

मुलाखतीचं काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी


नाशिक, २८ डिसेंबर

मावशी,

पूजाने बोलायला हवंच होतं. मी तिथे असते तर शिट्टी वाजवली असती.

मुलाखत चांगली झाली. नोकरी मिळालीही. आणि मी नाही म्हटलं! थांब, ओरडू नकोस, पुढे वाच. श्रेयसशी बोलून, दोन रात्री विचार करून, मगच ठरवलं. असलं काही विकायचं तर सरकारी परवाना लागतो, आणि परवान्यासाठी शिकलेलं, अनुभव असलेलं माणूस कागदोपत्री जबाबदार लागतं. ते माणूस मी! अर्ज उज्जैनच्या पत्त्यावर करायचा. महिन्यातले काही दिवस मी तिकडे, बाकीचे इकडून. जमलं तर जमलं. नाही जमलं तर नोकऱ्या कुठे पळून जातात?

परवाना हातात येईपर्यंत एकही डबी द्यायची नाही. पण जानेवारीत तुमच्या महाराष्ट्र समाजाचा संक्रांतीचा मेळावा आहे ना? तिथे टेबल घे. विकायचं काही नाही. ज्याला हवं त्याच्या हाताला लावून द्यायचं, गरम पाण्याने धुवायचं, टॉवेल द्यायचा. आधी विचारायचं, हाताला काही जखम, काही त्रास? असेल तर नाही लावायचं.

मी तिकडे आले होते तेव्हा आपण दोघींनी मिळून केलेलं ते तिळाच्या तेलातलं घे, बारीक साखर आणि तांदळाच्या पिठीचं. माझ्या खिडकीत ते अजून जसंच्या तसं आहे. मी, श्रेयस, शेजारच्या पल्लवीवहिनी आणि त्यांच्या सासूबाई, सगळ्यांनी कोपराच्या आत लावून बघितलं. कुणालाही काही नाही! सासूबाई तर रोज येऊन विचारतात, आज काही तपासायचं आहे का?

मुक्ता


उज्जैन, २० जानेवारी २०२५

चि. मुक्ता,

काल मेळावा झाला. माझे हात दुखताहेत, कंबर दुखतेय आणि मी सकाळपासून गुणगुणतेय!

टेबलावर दोन घमेली, गरम पाण्याचा मोठा थर्मास, टॉवेलांची चळत. काका टॉवेल देणार, मी हात धुणार. तिळगूळ घ्यायला बायका आल्या आणि रांगच लागली. अगं, पुरुषसुद्धा आले! बापू म्हणून रेल्वेतले एक रिटायर्ड गार्ड आहेत, ते दोन्ही तळवे पुढे करून म्हणाले, "माझं पण करा वहिनी, आयुष्यभर झेंडी धरली." किती जणींनी विचारलं, "याने उजळ होतं का?" मी प्रत्येकीला म्हटलं, "नाही. मऊ होतं." दोघीतिघी तोंड वाकडं करून गेल्या. जाऊ देत. बाकीच्या बसल्या. कुणाचे हात कसे, कुणाचे कसे! बँकेत मी आयुष्यभर खिडकीपलीकडून हात बघितले, पण धरला असा एकही नव्हता.

दुपारनंतर पूजा आली. चट्टे पार गेलेले. बरोबर सुमीतची आई.

पूजा सरळ माझ्याकडे आली, त्या मात्र लांबच उभ्या, शालीत हात घालून. मी पूजाला हळूच विचारलं, "बोलतात का?" ती म्हणाली, "कामापुरतं. पण काकू, आज इथे येऊ या असं त्यांनीच म्हटलं."

मी हाक मारली, "या ना." त्या आल्या. स्टुलावर बसल्या. मी विचारलं, हाताला काही त्रास? नाही अशी मान हलवली. मग शालीतून एकच हात काढून पुढे ठेवला.

मुक्ता, त्या घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, सणाच्या आधी दिवसदिवस तव्यासमोर उभ्या असतात. बोटं भाजून भाजून काळवंडलेली, कोपर तर पूजापेक्षा काळं. मी थोडं घेऊन हलक्या हाताने चोळत राहिले, तू शिकवलंस तसं, गोल गोल, जोर न लावता. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझ्या हळदीला मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, हिला कशाला एवढी लावता, हिच्या अंगावर दिसणार आहे थोडीच."

आजूबाजूला एवढा गोंगाट, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. पूजालाही आला. ती खाली बसली, थर्मास उचलला आणि त्यांच्या हातावर पाण्याची धार धरली. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने ती त्यांचं मनगट धूत होती, बोटांच्या मधून, अगदी सावकाश. सुमीतची आई डोळे मिटून बसून राहिली.

काकांनी टॉवेल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. शाल खांद्यावर टाकली, आणि दुसरा हात पूजासमोर धरला.

तुझी,
मावशी